साडेआठ हजारांचे बोळे

लहानपणी थंडी सुरू झाली की आई रात्री कानात कापसाचे बोळे घालून झोपवायची. फुकट. बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, आणि हाकेला ओ दिली नाही म्हणून सकाळी धपाटाही मिळायचा. आता पंचेचाळिशीत मी तेच बोळे रोख साडेआठ हजार रुपये मोजून घेतलेत. फरक इतकाच की आता धपाटे घर, हापिस आणि मेट्रो अशा तिन्ही आघाड्यांवर मिळतात.

खरं तर माझं वायरवाल्या इअरफोनशी अगदी झकास चाललं होतं. कर्वे पुतळ्याला कंपनीच्या बसमध्ये बसलो की खिशातून तो गुंता काढायचा, आणि सोडवत सोडवत चांदणी चौक यायचा. तेवढंच ध्यान. तोच तो चौक, जिथला जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरात स्फोटकं लावून उडवला आणि धूळ बसल्यावर बघतात तर त्यातला बराचसा भाग तसाच उभा, मग उरलेला मशिनी लावून पाडावा लागला. माझी इअरफोनची गाठ त्याच घराण्यातली होती. पण लेकीला लाज वाटायला लागली. "बाबा, तू अजून वायर वापरतोस? तुला कोणी बघितलं तर?" म्हटलं बघू दे की, हिंजवडीच्या बसमध्ये कोण कोणाकडे बघतंय, सगळे झोपलेले असतात तोंड उघडं टाकून. नाही ऐकलं. वाढदिवसाला म्हणून बिनवायरचे इअरफोन घ्यायला मला दुकानात नेलं आणि पैसे मीच दिले.

दुकानातला पोरगा म्हणाला, सर, नॉइज कॅन्सलेशन आहे, जग म्यूट होणार. तर ही भानगड नेमकी काय असते हे मी घरी येऊन वाचलं, कारण साडेआठ हजार गेल्यावर माणूस वाचतो. त्या बोंडाच्या बाहेरच्या अंगाला बारीकसा माइक असतो, तो बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोब्बर उलटी लाट आत सोडतो, म्हणजे बाहेरची लाट वर जाईल तेव्हा ही खाली, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं, दोन्ही बाजू जोरजोरात बोलतात आणि निष्पन्न काहीच नाही. पण गंमत अशी की हे जमतं ते एकसुरी, खालच्या पट्टीतल्या, सतत चालू असलेल्या आवाजाचं. इंजिनाची घरघर, पंखा, एसी. अचानक आलेला आवाज, माणसाचं बोलणं, कुकरची शिट्टी हे तेवढं मारलं जात नाही.

आता याचा पुण्यात अर्थ काय होतो बघा. बसची घरघर गायब, रस्त्याची गुरगुर गायब, आणि हॉर्न मात्र सगळेच्या सगळे शिल्लक. म्हणजे पहिल्या दिवशी मला इंजिन नसलेले हॉर्न ऐकू यायला लागले. एखाद्या निवांत माळरानावर बसलोय आणि अधूनमधून कुणी कानापाशी येऊन पींऽऽ करून जातंय, असं. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला मी "मस्त शांत आहे रे" असं म्हणालो, ते म्हणे एवढ्या जोरात की ड्रायव्हरने आरशात बघितलं.

खरा तमाशा घरी झाला. आमचे अप्पा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी तानपुरा घेऊन बसतात. तानपुरा मिरजेचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा आणि घरात माझ्यापेक्षा जास्त मान असलेला. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा अप्पांनी पेढे वाटले होते, माझ्या प्रमोशनला आईनेच शिरा केला होता तेवढ्यावर भागलं. तर सकाळी मी ते बोळे घालून चहा पीत बसलो होतो, समोर अप्पा षड्ज लावतायत, आणि मला एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अप्पांचा आवाज येतोय. तानपुऱ्याचं वरचं झिणझिण थोडंसं येतंय. पण पंचम, जोड, जोड, खर्ज या चार तारांतला तो शेवटचा भरदार खर्ज, ज्याच्यावर सगळं घर उभं असतं, तो नाहीच. बोंडं काढली, आला. घातली, गेला. म्हणजे पंखा आणि तानपुरा यात त्या यंत्राला काही फरकच दिसत नव्हता हो. एकसुरी, खालचा, सतत चालू. मारा.

मी मूर्खासारखा हे उत्साहाने अप्पांना सांगितलं.

अप्पांनी तानपुरा हळूच आडवा ठेवला. "म्हणजे ह्याच्या मते हा गोंगाट."

"तसं नाही अप्पा, ते फक्त लो फ्रीक्वेन्सी…"

"आणि तुम्ही ह्याचे पैसे दिलेत."

अप्पा मला एरवी अरे-तुरे करतात. तुम्ही म्हणाले की समजायचं, आठ दिवस गेले. त्यातून शेजारच्या जिममधली ती धबाधब गाणी, जी मारावीत अशी आमच्या अख्ख्या मजल्याची इच्छा आहे, ती जशीच्या तशी आत येत होती, हे मी सांगितलंच नाही.

माफी म्हणून मी तानपुऱ्याच्या तारा आणून द्यायचं कबूल केलं. दुकान मंडईजवळ. 2024 च्या सप्टेंबरापासून मेट्रो जमिनीखालून मंडईपर्यंत जाते त्यामुळे गाडी काढायचा प्रश्न नाही. वनाजला बसायचं, जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरून स्वारगेटची गाडी पकडायची, काम झालं. शनिवार होता, डबा रिकामा होता, मी बोळे घातले आणि विलंबित लयीतला मारवा राग लावला. नळ स्टॉप, गरवारे, डेक्कन येईपर्यंत मी जागेवर होतो, नंतर गायकाने धैवतावर जो काही मुक्काम ठोकला त्यात संभाजी उद्यान कधी गेलं, महापालिका कधी गेली, पत्ता नाही. पुढच्या स्टेशनचं नाव त्या बाईंनी तिन्ही भाषांत सांगितलंच असणार, बिचाऱ्या न चुकता सांगतात. मध्येच खाली पाणी दिसलं म्हटलं नदी, छान. पण नदी मी आधीच एकदा ओलांडली होती ना! द्रुत सुरू झालं तेव्हा डोळे उघडले तर माझ्यासमोर एक सिक्युरिटीवाला वाकून उभा, तोंड हलतंय त्याचं. बोंड काढलं.

"काका, रामवाडी. लास्ट आहे."

काका म्हणाला त्याचं जास्त लागलं.

मग उलटा आलो. जिल्हा न्यायालयाला उतरलो आणि तिथून खाली, आणखी खाली. ते स्टेशन जमिनीखाली 33 मीटर आहे, सरकत्या जिन्यांवरून उतरताना आपण मंडईला चाललोय का पाताळात असा प्रश्न पडतो. दुकानाशी पोचलो तेव्हा बारा पन्नास झाले होते. आता पुण्यातल्या दुकानांच्या दुपारच्या वेळेवरचा विनोद मी करणार नाही, तो सगळ्यांनी करून झालाय, पण शटर अर्धं खाली होतं आणि मालक आतून चपला घालत होते एवढं नोंदवून ठेवतो. तारा मिळाल्या. घरी येऊन सगळं सांगितलं तर अप्पांना यंत्राचा दोष मान्यच नाही.

"भर दुपारी मारवा ऐकणारा माणूस रामवाडीलाच जायचा," म्हणाले. "तो संधिप्रकाशाचा राग आहे."

हापिसातला किस्सा मात्र अजून हापिसात सांगितला जातो, आणि प्रत्येक वेळी तबल्याच्या काकांचं एखादं वाक्य वाढलेलं असतं. पण जे घडलं ते असं. गुरुवारी आमच्याकडे अप्पांच्या मित्रांची बैठक असते. एक पेटीचे काका, एक तबल्याचे काका, आणि एक जे काही वाजवत नाहीत पण दाद देतात. गुरुवारी माझं घरूनच काम असतं. पाच वाजता आमचा मोठा आढावा कॉल, मॅनेजर बेंगळुरूहून, एकूण अकरा माणसं. लॅपटॉपने नेमकं तेव्हाच अपडेट घ्यायला घेतलं, 4 टक्के म्हणून थांबला, म्हणून मी आतल्या खोलीत दार लावून फोनवरून कॉलला बसलो, कानात बोळे.

हॉलमध्ये आमचा एक ब्लूटूथ स्पीकर असतो. सकाळी मी त्याच्यावर फोनवरून अभंग लावले होते आणि जोडणी तोडायची राहिली होती. कॉल चालू असताना बोळ्यांनी दोनदा टुणटुण केलं, मी दुर्लक्ष केलं, आणि ते मेले. एकदम शांत. मला वाटलं नेटवर्क गेलं. मी आपला पंधरा मिनिटं भिंतीकडे बघत "हॅलो, अ‍ॅम आय ऑडिबल?" करत बसलो. पण फोन हुशार. एक मेला तर दुसरा, म्हणून त्याने अख्खा कॉल उचलून हॉलमधल्या स्पीकरला देऊन टाकला. आणि त्या स्पीकरला माइक पण आहे.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड नावाच्या राजावरून पडलंय म्हणे, त्याने वेगवेगळ्या टोळ्या एकत्र आणल्या म्हणून. त्याला काय माहीत आपल्या नावाने पुढे कोणकोणत्या टोळ्या एकत्र येणार आहेत.

पुढचं सगळं मला दुसऱ्या दिवशी कॉलवरच्या एका पुणेकर सहकाऱ्याने सांगितलं, हसून हसून त्याला धाप लागत होती. हॉलमध्ये तानपुरा चालू, आणि मध्येच मॅनेजरचा आवाज आला, "कॅन वी टेक धिस ऑफलाइन?"

दाद देणारे काका म्हणाले, "काय म्हणतायत?"

"लाइन गेली म्हणतायत," पेटीचे काका.

मॅनेजर म्हणाला, "सॉरी, हू इज धिस?"

"मी तबला. आपण?"

कॉलवर म्हणे शांतता पसरली. मॅनेजर बिचारा सज्जन माणूस, त्याला वाटलं क्लायंटकडचं कोणीतरी जॉइन झालंय. तो म्हणाला ओके, लेट्स सर्कल बॅक.

"समेवर या म्हणतायत," पेटीच्या काकांनी भाषांतर केलं, आणि तबल्याच्या काकांनी खरंच एक छोटी तिहाई घेऊन समेवर आणून ठेवलं. अकरापैकी दोघांनी टाळ्यांचं चित्र टाकलं.

मला याची खबर लेकीकडून लागली. दार उघडून म्हणाली, "बाबा, तुझा मॅनेजर हॉलमध्ये आहे."

मी बर्म्युड्यावर होतो. बेंगळुरूचा माणूस न सांगता घरी आला, आता चहा टाकायला सांगू की आधी पँट घालू, आणि पँट कुठाय, हे सगळं दोन सेकंदांत होऊन मी इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगातून बायकोची सलवार ओढत होतो. बाहेर आलो तर सोफ्यावर तिघं काका, मध्ये टीपॉयवर स्पीकर, त्याच्यासमोर कुणीतरी चकलीची बशी सरकवून ठेवलेली, आणि अप्पा त्याच्याकडे मान कलती करून लक्ष देऊन ऐकतायत. मला हाताने गप्प बस म्हणून खूण केली.

कॉल संपल्यावर म्हणाले, "आवाज बरा आहे रे. खर्ज आहे. पण श्वास फार घेतो मध्ये मध्ये."

अरे म्हणाले म्हणजे अबोला संपला, त्यामुळे मी काही बोललो नाही. स्पीकरची जोडणी मात्र त्याच रात्री फोनमधून काढून टाकली, बोळे रोज रात्री चार्जिंगला लावायला लागलो आणि गुरुवारी तर दोनदा तपासून घ्यायचो.

काल परत गुरुवार होता. पाचचा कॉल, दार बंद, बॅटरी 92 टक्के. मॅनेजर तिमाहीचे आकडे सांगत होता आणि दाराच्या फटीतून दाद देणाऱ्या काकांचा आवाज आला, "काय हो अप्पा, आज ते बेंगळुरूचे बुवा नाहीत का?"

"आहेत की, आतच आहेत," अप्पा म्हणाले. "थांबा, नातीने शिकवलंय मला. जोडतो."

आणि माझ्या कानात एकदम शांत झालं.