पाव किलोचा शॉवर

“ताई, तुम्हाला पंप नकोय, बादली हवीये.”

हे मला काल भर दुकानात ऐकवण्यात आलं. ऐकवणारा माणूस दुकानाचा मालक नव्हता, नोकर नव्हता, गिऱ्हाईकही नव्हता. काउंटरच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर एक पाय वर घेऊन बसलेले काका होते ते. पुण्यातल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात असा एक काका असतोच. तो दुकानाच्या गाळ्याबरोबर मिळतो की वेगळे पैसे पडतात, कोण जाणे.

हकिगत एवढीच, की आम्ही सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो आणि आमचा शॉवर ठिबकतो. डोक्याला शाम्पू लावायला एक मिनिट, उतरवायला अर्धी सकाळ.

“बाथरूमसाठी प्रेशर पंप दाखवा,” मी दुकानदाराला म्हटलं. त्याने तोंड उघडायच्या आत स्टुलावरून प्रश्न आला.

“टाकी किती उंचीवर?”

“गच्चीवर.”

“गच्ची ही जागा झाली. मी उंची विचारली.”

गच्चीवर चार फुटांचा चौथरा आहे, त्यावर टाकी, असं मी सांगितलं. काकांनी डोळे मिटले. “शॉवर जमिनीपासून सात फूट, स्लॅब दहावर. तीन आणि चार, सात.” डोळे उघडले. “तेहेतीस फुटांना एक किलो प्रेशर. तुमच्याकडे पाव किलोसुद्धा नाही हो! तळमजल्यावाल्यांकडे दोन किलोच्या वर असणार.”

नळाची तोटी घ्यायला आलेला एक तरुण मुलगा माझ्याकडे कणव आल्यासारखा बघायला लागला.

“आंघोळीला किती वेळ लागतो?”

“त्याचा पंपाशी काय संबंध, काका?”

“पंप लावलात की मिनिटाला दहा लिटर धरा. दहा मिनिटं उभ्या राहिलात, शंभर लिटर. एका बादलीत माणूस स्वच्छ होतो. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलंय माझं. 1961 साली पानशेत फुटलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो.”

झालं. पुण्यात समोरच्याने पानशेत काढलं की आपलं म्हणणं तिथेच वाहून जातं. त्या पुरापुढे माझा शाम्पू काय टिकणार?

“मिस्टर काय म्हणतात?”

“काही नाही. ते बादलीनेच आंघोळ करतात.”

“बघा! मग त्यांनाच पाठवायचं ना. या टेक्निकल गोष्टी असतात.”

इथे मात्र माझं डोकं फिरलं. आमच्या घरात नळाचा वायसर मी बदलते. शॉवरच्या भोकांत साठलेला क्षार व्हिनेगरमध्ये बुडवून मी काढते. मिस्टरांना पाणी उलटं न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हातात दिला तर ते तो कुंडीत लावतील. पण ते जन्मतः टेक्निकल, आणि मी पैसे घेऊन आलेली ताई.

मी काकांकडे पाठ करून खोकी वाचायला घेतली. पंपाच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: जास्तीत जास्त हेड, म्हणजे पाणी किती उंच चढेल, आणि जास्तीत जास्त डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला किती येईल. वाचून वाटतं, अर्ध्या हॉर्सपॉवरमध्ये आपल्याला दोन्ही मिळणार. तर तसं काही नसतं. पाणी सगळ्यात उंच चढतं तेव्हा ते येत नाही, आणि सगळ्यात जास्त येतं तेव्हा चढत नाही. मधलं काय ते सांगणारा तक्ता कुठल्यातरी घडीच्या कागदावर, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सोयीसाठी छापलेला. शिवाय एका पंपाला प्रेशर स्विच: पाइपातला दाब उतरला की तो सुरू होतो, म्हणजे नळ जरा गळका असला की तो रात्री-बेरात्री गुरगुरत उठणार. दुसऱ्याला फ्लो स्विच: तो पाणी वाहायला लागलं की सुरू होतो. आमच्याकडे वाहतच नाही, ही तर तक्रार आहे!

खरं सांगू? मला हे शिकायचंच नव्हतं. फ्लॅट घेताना बिल्डरने वर जाणाऱ्या प्रत्येक मजल्याला चौरस फुटामागे जादा पैसे लावले होते. हवा, उजेड, टेकडीचा व्ह्यू, सगळं माहितीपत्रकात होतं. टाकी डोक्यावर आली की पाण्याचा जोर जातो, हे नव्हतं. सँपल फ्लॅटमध्ये ताटाएवढा रेन शॉवर सोडून दाखवला होता, आणि तो सँपल फ्लॅट होता पहिल्या मजल्यावर. चौथरा आणखी उंच करा म्हणून सोसायटीत अर्ज दिला, तर खालचे सगळे मजले म्हणाले, आम्हाला तर पाणी व्यवस्थित येतं. येणारच! कमी पैसे भरून दोन किलो घेऊन बसलेत लेकाचे.

“ताई,” स्टुलावरून पुन्हा आवाज, “सोलर आहे का गच्चीवर?”

“आहे.”

काका इतके खूश झाले की त्यांनी वरचा पाय खाली घेतला. “मग गारच्या लाइनला पंप लावलात तर गार-गरम एकत्र करणाऱ्या मिक्सर नळातून गार पाणी गरमच्या लाइनीत घुसणार. तिथून उलटं सोलरच्या टाकीत. टाकी भरून वरच्या एअर व्हेंटमधून गच्चीवर कारंजं! दोन्ही लाइनींना सारखं प्रेशर पाहिजे. दोन पंप. गरमचा वेगळा, गरम पाणी सोसणारा.”

मी दुकानदाराकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. म्हणजे याला हे ठाऊक होतं, आणि हा इतका वेळ एकच पंप कापडाने पुसत उभा होता.

त्याने खोक्याच्या फाटक्या पुठ्ठ्यावर दोन पंप, व्हॉल्व्ह आणि फिटिंगचा हिशेब लिहून दिला. प्लंबर वेगळा, जीएसटी वेगळा. आकडा बघून मी बसायला जागा शोधली, तर दुकानात स्टूल एकच. तेवढ्यात पोऱ्या चहा घेऊन आला. दुकानदार म्हणाला, “ताईंना दे.” काका म्हणाले, “त्या कुठे काय घेतायत,” आणि तो ग्लास त्यांनी उचलला.