फॅमिली डॉक्टरांना सांगणे आवश्यकच आहे

हार्मोनचे उपचार तज्ज्ञांकडे सुरू असतील तर फॅमिली डॉक्टरांना लिंगओळख सांगण्याची गरज नाही, हे लेखातील मत मला पटले नाही. मी पारलिंगी पुरुष आहे, म्हणजे जन्मावेळी माझी नोंद मुलगी म्हणून झाली होती. आमच्या डॉक्टरांना हे सांगायला मला चार वर्षे लागली, कारण ज्यांनी मला लहानपणी कांजिण्यांच्या तापात तपासले आणि ज्यांच्याकडे आई आजही रक्तदाब तपासायला जाते, त्यांच्यासमोर हा विषय काढणे अनोळखी तज्ज्ञापुढे बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. परंतु टेस्टोस्टेरॉन या हार्मोनमुळे हिमोग्लोबिन वाढू शकते, हे डॉक्टरांना ठाऊक असले, तरी मी ते घेतो याची कल्पनाच नसेल तर ते माझा रक्ताचा अहवाल कसा वाचणार? शिवाय ज्यांचे गर्भाशयमुख शाबूत आहे, त्यांना त्याच्या कर्करोगाची तपासणी चुकवता येत नाही, मग कागदोपत्री लिंग कोणतेही असो.

अखेर एका रात्री शेवटचा रुग्ण गेल्यावर मी आत गेलो आणि आधी एवढेच विचारले की, हे घरी कळणार नाही ना. डॉक्टर क्षणभर थांबले, मग त्यांनी केसपेपरवर कोणते नाव लिहू, असे विचारले.

सर्वांनाच असे डॉक्टर मिळत नाहीत, हे मी जाणतो. मात्र पारलिंगी व्यक्तीला 'बरे' करण्याच्या नावाखाली तिची ओळख 'बदलण्याचे' उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत; तसे कोणी सुचवल्यास राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, हे लेखात यायला हवे होते.