आकार जुळतो, बाकी तपासून घ्यावं लागतं

डुकरांवरच्या एक्मो (रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणारं यंत्र) प्रयोगांबद्दलच्या लेखात डुकराचं हृदय-फुप्फुस ‘हुबेहूब माणसासारखं’ म्हटलंय. आकारापुरतं ठीक, ५०-६० किलोच्या डुकराला माणसासाठीचंच एक्मो सर्किट (यंत्राच्या नळ्यांची जोडणी) चालतं. पण त्याच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाची नळी श्वासनलिका दुभागण्याआधीच तिच्यातून निघते. श्वासासाठी घातलेली ट्यूब जराशी खोल गेली की तो भाग बंद, ऑक्सिजन खाली, आणि संशय मात्र ऑक्सिजनेटरवर, म्हणजे एक्मोच्या ऑक्सिजन देणाऱ्या भागावर! म्हणून ब्रॉन्कोस्कोपने (श्वासमार्गात बघायची दुर्बीण) जागा बघूनच ट्यूब बांधावी. दुसरं, डुकराच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत मॅक्रोफेज (जंतू, परके कण गिळणाऱ्या) पेशी ठाण मांडून असतात. त्या चेतल्या की फुप्फुसधमनीचा दाब झपाट्याने चढतो. माणसात हे असं घडत नाही, त्यामुळे असे आकडे थेट रुग्णाला लावणं चूक. हृदयही फार हळवं: कॅन्युला (एक्मोची रक्तवाहिनीत जाणारी नळी) घालताना तिला वाट दाखवणारी तार, गाइडवायर, आत टोचली तरी फिब्रिलेशन होऊ शकतं, म्हणजे हृदय ठोके न देता नुसतं थरथरतं. म्हणून विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरचे पॅड आधीच चिकटवलेले हवेत.