रॉम टाकला की फोन ब्रिक होतो म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, जुन्या अँड्रॉइड फोनवर रॉम, म्हणजे कंपनीच्या जागी दुसरी अँड्रॉइड सिस्टीम, कशी टाकायची या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की असले उद्योग पोरांना शिकवू नका, पुतण्याचा फोन रॉम टाकताना ब्रिक झाला, म्हणजे विटेसारखा पार बंद पडला, बँकेचे पैसे जायची भीती, त्यापेक्षा नवीन घ्यावा. बँकेचं एकदम मान्य, ते मी आधीच ठळक लिहायला पाहिजे होतं. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, रॉम टाकायला अनलॉक केला की बरीच बँकेची ॲप्स चालत नाहीत, आणि जुगाड करून चालवू पण नका, यूपीआय त्या फोनवर नकोच.

पण ब्रिकचं सरसकट बोललात ते पटलं नाही. माझ्या २०१३ च्या मोटो जीवर पहिल्यांदा रॉम टाकला तेव्हा मी जुना डेटा वाइप (साफ) न करताच फ्लॅश केला, म्हणजे रॉम फोनमध्ये भरला, आणि फोन दीड तास बूट ॲनिमेशनवर अडकून बसला, विश्रामबागच्या रूमवर मी घामाघूम, मग व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर दाबून फास्टबूट (बूटलोडरचा मेनू), तिथनं रिकव्हरी (फोन साफ करायचा, रॉम भरायचा मेनू), सगळं वाइप, परत फ्लॅश, आणि झाला की चालू. हा बूटलूप, म्हणजे फोन चालू होता होताच अडकणं, ब्रिक नव्हे. बूटलोडर शाबूत असेल तर फोन बहुतेक वेळा परत येतो. खरा घोळ होतो तो दुसऱ्या मॉडेलची बूटलोडर फाइल टाकली की, म्हणून तर कोडनेम, म्हणजे मॉडेलचं आतलं नाव, बघा, माझ्या मोटो जीचं 'फाल्कन', असं घसा कोरडा करून सांगतोय.

आता नवीन घ्या म्हणता त्याबद्दल. तो मोटो जी सध्या तासगावला काकांच्या शेडमध्ये खिळ्याला अडकवलाय, वायफायवर, हवामान आणि बेदाण्याचे भाव बघायला. कंपनीनं अँड्रॉइड ५.१ वर सोडून दिलेला. त्यावर निम्म्या साइट्स उघडेनात, सर्टिफिकेटची लाल पाटी यायची, कारण बऱ्याच साइट्स लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) वापरतात आणि त्याचं नवीन रूट, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीचे दाखले चालतात ते मूळ सर्टिफिकेट, ७.१.१ च्या आधीचे अँड्रॉइड ओळखतच नाहीत, जुन्या फोनसाठी काही वर्षं एक सोय ठेवलेली ती पण २०२४ मध्ये संपली. फोनमध्ये बिघाड काहीच नव्हता हो! स्क्रीन ठणठणीत, आणि नुसत्या एका रूटपायी तो भंगारात जाणार होता. लिनिएजओएस १४.१ हा रॉम टाकला, म्हणजे अँड्रॉइड ७.१.२, आणि साइट्स उघडल्या. काकांनी पहिल्यांदा पावसाचा अंदाज बघितला आणि चार दिवसांनी घ्यायची फवारणी त्याच संध्याकाळी उरकली.

मर्यादा आहेत, लपवत नाही. १४.१ ला पण आता अपडेट येत नाहीत, मोडेमचं (नेटवर्क पकडणाऱ्या भागाचं) फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कंपनीचं जुनंच राहतं, आणि रॉम बदलून ३जी फोनचा ४जी होत नाही. म्हणून दुसरा फोन असेल तरच करा, रोजच्या फोनला हात लावू नका.

पुतण्याचा फोन टाकून दिला नसेल तर मॉडेल कळवा. व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर धरून काय दिसतंय, आणि केबल लावल्यावर पीसी काही ओळखतोय का, एवढं सांगा. दुकानदार बोर्ड गेला म्हणाला म्हणून बोर्ड गेलाच असेल असं नाही, रविवारी सांगलीत असाल तर घेऊन या, बसून बघू.