मुंबई-न्यूयॉर्क विमान म्हणे मुद्दाम वळसा घालतं!

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा येऊन पडलाय. म्हणणं असं: न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला. तरी विमानं रशिया, आइसलंड अशी वरून फिरवून नेतात आणि तिकिटाचे जास्त पैसे उकळतात. पुरावा काय, तर पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क स्वतःच आपल्याकडे येत असतं. तरीही जायला सोळा तास आणि यायला चौदा!

आधी ती ‘सरळ’ रेष. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की ती ओमान, सौदी, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरते. पण मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा हा नकाशा 1569 सालचा, जहाजांना दिशा धरता यावी म्हणून काढलेला. अंतरं मोजायला नव्हे. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरा. दोरा सैल असेपर्यंत सहाराच्या वाळवंटावर बसवता येतो. ताणला की आपोआप वर सरकतो: तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंडवरून कॅनडा. ताणलेला दोरा भरतो सुमारे 12,500 किलोमीटर, पट्टीवाला मार्ग 14,200. वळसा नेमका कोणता, ते तुम्हीच बघा.

आता फिरणारी पृथ्वी. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण 1,580 किलोमीटरने पूर्वेकडे जाते, आणि हवा तिच्यासोबतच. विमान त्या हवेत उडतं. चालत्या लोकलमध्ये वर उडी मारून कुणी मागच्या डब्यात पडलाय का? फॉरवर्डचं खरं धरलं तर ताशी नऊशेच्या वेगाने पूर्वेकडे परतणाऱ्या विमानाला मुंबई कधी सापडायचीच नाही.

मग दोन तासांचा फरक कसला? वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात तर फार जोरात. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. 2016 साली एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं, तरी पाठीवरच्या वाऱ्याने ते साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर. किलोमीटरवरून तास काढणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

एक गोष्ट मात्र कबूल. विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. तो दोरा मुंबईहून निघाला की लगेच पाकिस्तानवरून जातो, आणि 24 एप्रिल 2025 ला त्यांनी आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. हे वळसे खरेच आहेत. पण त्यात जळणारं जादा इंधन कंपनीच्याच खिशातून जातं. असा वळसा हौसेने कोण घालेल?