एक @ खोडून वारसा मिळत नाही

रुबी या प्रोग्रामिंग भाषेत @@ने सुरू होणारं व्हेरिएबल पेरेंट क्लास आणि त्याच्याकडून वारसा घेणारे चाइल्ड क्लास यांच्यात सामाईक असतं: चाइल्डने किंमत बदलली की पेरेंटचीही बदलते. त्यावर शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: ‘@@ मोडकं आहे, हात लावू नका. एक @ खोडा, पेरेंट-चाइल्ड क्लासचा प्रश्न मिटतो. रेल्स असेल तर क्लास_ॲट्रिब्यूट लावा आणि विसरून जा.’ तिन्ही गोष्टी अर्धवट आहेत. (रेल्स हे रुबीवरचं वेब फ्रेमवर्क, क्लास_ॲट्रिब्यूट ही त्यातली सोय.)

‘@@ मोडकं आहे.’ मुळीच नाही. ‘खातं’ क्लासमध्ये @@दर = 4 आणि त्याच्या ‘मुदतखातं’ या चाइल्डमध्ये @@दर = 7 लिहिलं, तर ‘बचतखातं’ या दुसऱ्या चाइल्डसकट सगळ्यांचा दर 7 होतो. भावकीचा सामाईक सातबाराच तो. व्याजदराला हे घातक, पण सगळ्या खात्यांना मिळून एकच अनुक्रमांक चालवायचा असेल तर हवं ते हेच. खरी अडचण वेगळी आहे: चाइल्डने @@दर आधी ठेवला आणि पेरेंटने त्याच नावाचा नंतर, तर चाइल्डमध्ये तो वाचताना रुबी 3.0 पासून सरळ रनटाइम एरर येतो. पूर्वी फार तर वॉर्निंग यायची.

‘एक @ खोडा.’ सगळ्यात जास्त फसगत इथे होते. क्लासच्या अंगात लिहिलेला @दर त्या क्लास-ऑब्जेक्टचा स्वतःचा असतो, आणि चाइल्ड हा वेगळा ऑब्जेक्ट. किंमत वाचून देणारी रीडर मेथड वारशाने येते, व्हेरिएबल येत नाही. त्यामुळे बचतखात्याला दर विचारला की निल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतं, तेही गुपचूप. न ठेवलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंगसुद्धा 3.0 मध्ये काढून टाकली. मग व्याजाच्या गुणाकारात कुठेतरी फुटतं आणि माणूस तिथेच शोधत बसतो. वारसा हवाच असेल तर तो रीडरमध्ये लिहावा लागतो: स्वतःचा @दर ठेवलेला असेल तर तो, नाहीतर सुपरक्लासला विचार. मूळ क्लासमध्ये किंमत ठेवायला विसरू नका, नाहीतर विचारणा थेट ‘ऑब्जेक्ट’ क्लासपर्यंत जाते आणि तिथे नो-मेथड एरर. काही जण ‘इन्हेरिटेड’ हुकमध्ये, म्हणजे चाइल्ड तयार होताना आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये, किमतीची प्रत काढतात. चालतं, पण ती चाइल्ड जन्मतानाची प्रत. पेरेंट नंतर बदलला तर चाइल्डला पत्ता नसतो.

‘क्लास_ॲट्रिब्यूट लावा आणि विसरा.’ वाचताना पेरेंटची किंमत मिळते, चाइल्डमध्ये नवी ठेवली की ती फक्त त्याची आणि त्याच्याखालच्यांची. इथवर छान. पण किंमत ॲरे (यादी) असेल आणि चाइल्डमध्ये भर घालायला << केलं, तर बदलतो पेरेंटचाच ॲरे. पुढे सेल्फ लावून += लिहा, म्हणजे नवा ॲरे तयार होतो. मी तर पेरेंटमधला ॲरे फ्रीझच करून ठेवतो. कुणी << केलं की त्याच ओळीवर एरर.