लेकीचा हात का दुखत होता

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि त्याच आठवड्यात लेकीच्या डायरीत लाल पेनाने ओळ लिहून आली, "लिखाणाचा वेग कमी आहे, घरी सराव घ्यावा." लेक तेव्हा सव्वाचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे एकट्या त्या शाळेचं दुखणं नाही.

आम्ही नवरा-बायकोने ती ओळ मनावर घेतली. रोज रात्री जेवणं झाली की एक पान. सहाव्या दिवशी तिने पेन्सिल खाली ठेवली, उजवा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाली, "बाबा, इथे दुखतं." अंगठ्याच्या बुडाशी. दाबून पाहिलं तर तिथला मांसल भाग ताठ झाला होता. पूर्ण मूठ आवळून पेन्सिल धरायची आणि इतका जोर लावायची की मागच्या पानावर अक्षरं उठायची. तेवढ्याशा हाताकडून आम्ही काय करून घेत होतो हे त्या रात्री कळलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर आहे, सतरा वर्षं झाली. हातावरच माझं पोट आहे, म्हणून या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो. आमच्याकडे दरवर्षी नवी शिकाऊ पोरं येतात. हुशार असतात, ड्रॉइंग चांगलं वाचतात. पण नट बोटांनी आट्यावर बसवायला दिला की काहींना सुरुवातच सापडत नाही. सरळ पाना लावतात आणि आटे मारून ठेवतात. मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, कितपत फिरवून थांबायचं, घासलेल्या जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, बोट फिरवल्यावर कड राहिलीय की गेलीय, हे बोटाला कळावं लागतं. विसाव्या वर्षी ते शिकवता येतं, पण वेळ फार जातो. लहानपणी भोवऱ्याला जाळी गुंडाळलेला पोरगा मला पहिल्या आठवड्यात ओळखू येतो.

लेकीला घेऊन आम्ही एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांसाठी हात-शरीर तयार करून घेणाऱ्या, ताईंकडे गेलो. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. तिला जमिनीवर रांगायला लावलं, बारला लोंबकळायला लावलं, मग मण्यांची माळ ओवायला दिली. नंतर आम्हाला समजावलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा तिथे हाड नसतं, कूर्चा असते, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर लागते तसली लवचीक पेशी. पहिल्या वर्षापासून एकेक हाड तयार व्हायला लागतं आणि शेवटचं दिसायला लागेपर्यंत नऊ ते बारा वर्षं उजाडतात. चिमटीत दाणा उचलणं साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात येतं. पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांत पेन्सिल धरून, मनगट टेकवून नुसती बोटं हलवत लिहिणं बहुतेक मुलांना साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधतं. आणि हाताचा ताबा वरून खाली उतरत येतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटं सर्वांत शेवटी. ज्या मुलाला झाडाला लोंबकळू दिलं नाही त्याच्या बोटांकडून सुबक 'अ' कसा मागणार?

लिखाणाची पानं बंद करा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी खेळू द्या, घरकामात घ्या, आणि रंगवायचा कागद टेबलावर न ठेवता भिंतीला चिकटवा. उभ्याने रंगवताना मनगट आपोआप मागे वळतं आणि बोटं मोकळी होतात.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून सुपरवायझरना विचारून भंगारातले मोठे नट-बोल्ट आणले. रॉकेलमध्ये धुतले, मग साबणाने दोनदा, आणि डब्यात घालून तिच्या पुढ्यात ठेवले. पहिल्या दिवशी नट तिरका बसायचा आणि अडकायचा. चौथ्या वेळी ती रडकुंडीला आली. तेव्हा शिकाऊ पोरांना सांगतो तेच तिला सांगितलं, आधी उलटा फिरव. उलटा फिरवताना आट्याचं तोंड आट्यासमोर आलं की नट केसभर खाली बसतो आणि बोटाला टक् असं जाणवतं. तिथून सुलटा फिरवायचा. तिने बोल्ट डाव्या हातात उभा धरला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली, डोळे मिटले. नट हळूहळू उलटा फिरतोय. "बाबा, टक् झालं!" त्या आवाजातला आनंद मी कधी विसरणार नाही. त्या संध्याकाळी तिने सगळा डबा लावला आणि परत सोडवला. कुणी तिला 'सराव कर' म्हटलं नव्हतं.

हिवाळ्यात मटार स्वस्त होते. बुधवारच्या बाजारातून दोन किलो आणायचो आणि ती आईबरोबर सोलायला बसायची. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबायचा, शेंग फुटली की दाणे एका ओळीत मोकळे करायचे. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं हे तिचं काम झालं. कुंड्यांना फवाऱ्याच्या बाटलीने पाणी घालणंही. चिमट्याने आणि फवाऱ्याने बोटांना जोर येतो. आणखी एक युक्ती ताईंनी सांगितली होती, चित्र काढताना करंगळी आणि अनामिकेखाली कापसाचा छोटा बोळा धरायला द्यायचा. ती दोन बोटं मिटून राहतात आणि बाकीची तीन कामाला लागतात.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो फेब्रुवारीत. चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि माझी आई निफाडहून गव्हले, म्हणजे लग्नात खिरीसाठी हाताने वळतात ते रव्याचे दाणे, करायला आमच्याकडे आली. आईने उभी हयात द्राक्षाच्या बागेत थिनिंग केलं. मणी ज्वारीएवढे झाले की कात्रीच्या टोकाने घडातले नको ते मणी काढायचे, शेजारच्याला धक्का न लावता, दिवसभर, मान वर करून. तिच्या बोटांसारखी बोटं मी आमच्या टूलरूममध्येही पाहिली नाहीत. तिने रवा घट्ट भिजवून झाकून ठेवला, मग डाव्या हातात छोटा गोळा घेतला आणि उजव्या हाताच्या चिमटीने त्यातून तांदळाएवढे तुकडे वळून ताटात टाकायला लागली. अंगठा एकदाच सरकतो, गव्हला दोन्ही टोकांना निमुळता होऊन पडतो. लेक शेजारी बसली. तिचे पहिले गव्हले म्हणजे हरभरे होते. आई म्हणाली, "दाबू नको गं बाय, नुसतं फिरव." एवढंच. चूक काढली नाही, ताट वेगळं केलं नाही, तिचे हरभरे आपल्याच गव्हल्यांत मिसळून टाकले. चौथ्या दिवशी त्या ताटात कोणते कुणाचे हे मला ओळखता येईना. आणि त्याच आठवड्यात तिने शाळेच्या गणवेशाची चारही बटणं स्वतः लावली.

आपल्या आज्यांकडे हे सगळं होतं. वाती वळणं, हार ओवणं, सागरगोटे, काचापाणी. रांगोळीची चिमूट तर बघा, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत रेघ सोडायची, त्यात पेन्सिलची अर्धी तयारी झाली. आता मुलांच्या चपलांना वेल्क्रो, दप्तराला मोठी चेन, आणि बोटाला काम काय, तर मोबाइलवर सरकवणं. वर 'मेंदू विकासाचं किट' म्हणून दोन-अडीच हजारांचे खोके विकले जातात. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावेत, पण डाळीचा डबा, झाकणं आणि चिमटे ज्या घरात आहेत त्या घराला किटची गरज नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

एक गोष्ट मात्र जपा, हात जोडून सांगतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना मणी, दाणे, नट असलं काही देऊ नका, आणि मोठ्यांनाही देताना समोर बसा. आपण नाशिककर, सध्या घराघरात द्राक्षं आहेत. देठापासून मणी तोडून वाटीत टाकायचा खेळ छान आहे, पण पाच वर्षांखालच्या मुलाला खायला देताना मणी उभा चिरून चार फोडी करूनच द्या. अख्खा मणी घशात बसतो.

शाळांवर मी नुसता राग काढत नाही. अनेक बाई मला म्हणाल्या की पालकच विचारतात, "अजून वहीत काही लिहिलं नाही?" मीही विचारलं असेन. पण आपल्याच महाराष्ट्रात १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली आणि गावात मिळणाऱ्या खडे, पानं, शंख-शिंपल्यांवर लहान मुलांना शिकवलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकवण्यावर भर दिला आहे. मग चार वर्षांच्या मुलीला रोज चार ओळी लिहायला लावायची घाई नेमकी कुणाला आहे?

शनिवारी पालकसभा आहे. लिखाणाच्या तासातला निम्मा वेळ सिनियर केजीपर्यंत हाताच्या खेळांना द्या, अशी मागणी मी तिथे करणार आहे. नट-बोल्टचे सहा डबे धुऊन तयार ठेवलेत, वर्गासाठी. सिडको-अंबड भागातले जे पालक त्या दिवशी माझ्याबरोबर बोलायला तयार असतील त्यांनी कळवा. आणि सागरगोट्याचं काटेरी झुडूप गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबक रस्त्याला कुणी पाहिलं असेल तर जागा सांगा. आईला नातीला खेळायला शिकवायचंय आणि बाजारात मला कुठेच मिळाले नाहीत.